तारा विकत घेऊन नाव देणं: पाकिटात नेमकं काय येतं?

निरभ्र (धागाकर्ता)

"तारा विकत घ्या, प्रिय व्यक्तीचं नाव द्या" या जाहिरातींबद्दलचा प्रश्न कुठल्या ना कुठल्या धाग्यात अवांतर म्हणून येतोच. त्यापेक्षा स्वतंत्र धागा असलेला बरा. सुरुवात मी करतो, चुकलं तर कान धरा.

पाकिटात साधारण हे येतं: जाड कागदावरचं प्रमाणपत्र (ठेवलेलं नाव, तारीख, विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, तारकासमूह, क्वचित प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा मोठा तेवढा तारा मंद), लाल शाईने एका ठिपक्याभोवती वर्तुळ केलेला आकाशनकाशा, खगोलशास्त्राची तोंडओळख करून देणारी पुस्तिका आणि हल्ली एखाद्या ॲपचा दुवा. महाग संच घेतला तर फ्रेम. तारा अर्थातच मिळत नाही. ताऱ्याला नावही मिळत नाही. मिळते ती त्या कंपनीच्या वहीतली एक ओळ.

ताऱ्यांची नावं जगभरासाठी अधिकृत करण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना (आयएयू) करते. स्थापना १९१९. ती नावं विकत नाही आणि विकण्याचा परवाना कुणाला देतही नाही. गंमत म्हणजे ताऱ्यांच्या नावांसाठी वेगळा कार्यगट तिथेसुद्धा २०१६ मध्ये नेमला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात २२७ नावांची यादी आली. तोवर 'सिरियस' आणि 'वेगा' ही नावंही नुसत्या वहिवाटीवर चालली होती.

तर प्रश्न दोन. भेट म्हणून हे घ्यावं का? आणि कुणी आधीच घेऊन बसलं असेल तर त्या कागदाचं काय करता येईल? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

शून्यप्रत

पहिल्या प्रश्नाबद्दल. या कंपन्या उघड खोटं क्वचितच लिहितात. शब्द असे निवडतात की वाचणाऱ्याने स्वतःची समजूत स्वतःच करून घ्यावी. 'नोंदणी' होते, पण कुणाकडे ते लिहिलेलं नसतं, कंपनीकडेच होते. 'कायमस्वरूपी जतन' म्हणजे कंपनी चालू आहे तोवर. सगळ्यात फसवी ओळ म्हणजे "नोंदवही कॉपीराइट कार्यालयात दाखल". कॉपीराइट पुस्तकाच्या मजकुराला मिळतो, त्यातल्या एकेका नावाला नाही. दूरध्वनीची डिरेक्टरी कॉपीराइट करून घेतली म्हणून तिच्यातली माणसं प्रकाशकाची होत नाहीत. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक असणं हीही तसलीच गोष्ट, तो कुठल्याही छापील पुस्तकाला मिळतो.

मालकीचा तर प्रश्नच नाही. १९६७ च्या अंतराळ कराराच्या दुसऱ्या कलमाने कुठल्याही राष्ट्राला अंतराळातल्या वस्तूवर सार्वभौम हक्क सांगायला मनाई आहे. जे देशाकडेच नाही त्याचा सातबारा दुकानदार कुठून देणार?

एकच तारा किती जणांना विकायचा यालाही बंधन नाही. कंपनी अ ची वही कंपनी ब पाहत नाही. दोघींनी तोच तारा दोन वेगळ्या नावांनी विकला तर दोघीही आपापल्या वहीपुरत्या बरोबर.

सूचिकार

मुळात खगोलशास्त्रज्ञांना ताऱ्यांच्या नावांची फारशी गरज पडत नाही, हे कळलं की या व्यवहाराचा पाया कळतो. लागतो तो पत्ता, आणि पत्ता म्हणजे क्रमांक.

तारानकाशे करणाऱ्या बायरने १६०३ मध्ये तारकासमूहागणिक ग्रीक अक्षरं लावली. अक्षरं २४, त्यामुळे लवकरच अपुरी पडली. नंतर फ्लॅमस्टीडचे क्रमांक आले. '६१ सिग्नी' हे त्यातलंच. १९१८ ते १९२४ या काळात हेन्री ड्रेपर सूची आली, तिच्यात २,२५,३०० तारे (म्हणून 'एचडी अमुक'). १९९७ च्या हिप्पार्कस सूचीत १,१८,२१८. आणि गाया यानाच्या २०२२ मधल्या तिसऱ्या सूचीत १८० कोटींहून जास्त नोंदी. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे मात्र 'ब्राइट स्टार' सूचीच्या ९,११० नोंदींत आटोपतात, तेही दोन्ही गोलार्धांचं आकाश धरून. एका वेळी क्षितिजाच्या वर त्यातले निम्मेही नीट दिसत नाहीत.

हे गणित विक्रीला जोडून बघा. डोळ्यांनी दिसणारे तारे विकायला घेतले तर माल पहिल्या काही हजार गिऱ्हाइकांतच संपेल. म्हणून विकला जाणारा तारा बहुतेक वेळा दहाव्या-अकराव्या प्रतीचा असतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक. अकराव्या प्रतीचा तारा हा डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभरावा हिस्सा.

अवांतर: चोरवाटेने नाव चिकटल्याची उदाहरणं आहेत. धनिष्ठेतल्या अल्फा आणि बीटा ताऱ्यांची नावं सुआलोसिन आणि रोटानेव्ह. उलटी वाचा: निकोलाउस व्हेनाटर. पालेर्मो वेधशाळेतल्या पियाझीचा सहायक निकोलो काचातोरे, त्याच्या नावाचं हे लॅटिन रूप. १८१४ च्या पालेर्मो सूचीत ही नावं गुपचूप आली आणि आज आयएयूच्या यादीतही आहेत. अपोलो-१ चा अंतराळवीर गस ग्रिसम यानेही दिशादर्शनाच्या ताऱ्यांत अशीच तीन नावं घुसवली: नावी (त्याच्या 'आयव्हन' या मधल्या नावाचं उलटं), रेगॉर (सहकारी रॉजर चॅफी) आणि ड्नोसेस (सहकारी एडवर्ड व्हाइट 'द सेकंड'). शर्मिष्ठेचा मधला तारा नावी. थोडक्यात, नाव टिकवायचं तर कामात वापरली जाणारी सूची हाताशी हवी. पैसे भरून चालत नाही.

कागदी_चंद्र

सगळं मान्य. पण हे म्हणजे शुभेच्छापत्र फाडून "यात अधिकृत भावना आढळली नाही" असा शेरा मारण्यासारखं झालं. भेट प्रतीकात्मक असते. देणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला आवडलं, मग बिघडलं कुठे?

निरभ्र

दोघांनाही ठाऊक असेल तर काहीच नाही. अडचण अशी की घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं, आणि देणाऱ्याला अर्धवट असतं. जाहिरातीतले 'अधिकृत' आणि 'नोंदणी' हे दोन शब्द काढून तोच कागद "हौसेचं शुभेच्छापत्र" म्हणून विकून बघा, म्हणजे लोक नेमके कशाचे पैसे देतात ते कळेल.

आणि वाढदिवसाची गोष्ट वेगळी. गेलेल्या माणसाच्या, विशेषतः लहान मुलाच्या नावाने लोक तारा घेतात. तो कागद घेऊन वेधशाळेत येतात आणि "आम्हाला तो दाखवा" म्हणतात. तिथे 'प्रतीकात्मक' हा शब्द उच्चारण्याची पाळी दुसऱ्याच कुणावर तरी येते.

कागदी_चंद्र

हं. दुसरा मुद्दा डोक्यात आला नव्हता. मागे घेतो.

दहा_पन्नास

आता निरभ्र यांचा दुसरा प्रश्न. प्रमाणपत्र हातात असेल तर तो तारा शोधता येतो. फक्त नेमका कुठे घोटाळा होतो ते माहीत हवं.

संगणकावरचं स्टेलॅरियम हे आकाशनकाशाचं सॉफ्टवेअर उघडा, एफ३ दाबा, 'पोझिशन' टॅबमध्ये जाऊन 'इक्वेटोरियल (जे२०००)', म्हणजे २००० सालची चौकट, निवडा आणि विषुवांश-क्रांती टाका. त्या जागी काय दिसतं ते नोंदवा. मग सिम्बाद या स्ट्रासबूर्गच्या विदागारात तेच आकडे टाकून २ कलांच्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) त्रिज्येत शोध घ्या. ताऱ्याचे खरे क्रमांक, प्रत, निजगती (ताऱ्याचं स्वतःचं सरकणं), पराशय (ज्यावरून अंतर काढतात तो कोन) सगळं मिळतं. अलादिन लाइटमध्ये प्रत्यक्ष छायाचित्र दिसतं. तिन्ही फुकट आहेत.

चुका बहुतेक वेळा याच:

विषुवांश तासांत असतो, अंशांत नाही. १ तास म्हणजे १५ अंश. ५ तास ३० मिनिटं याचं दशांश रूप ५.५ तास, म्हणजे ८२.५ अंश. घाईत ५.३० लिहिलं की ७९.५ येतात आणि तुम्ही तीन अंश बाजूला, म्हणजे चंद्राच्या सहा रुंदींवर जाऊन शोधत बसता.

क्रांतीचं ऋणचिन्ह छपाईत हरवतं किंवा नुसती रेघ ऋणचिन्ह समजली जाते. दोन्ही चिन्हं टाकून बघा आणि प्रमाणपत्रावरचा तारकासमूह कुठे जुळतो ते पाहा.

संदर्भवर्ष. परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलतो त्यामुळे) सगळी चौकट वर्षाला ५०.३ विकला सरकते. कागदावरचे आकडे १९५० च्या चौकटीतले असतील आणि तुम्ही २००० चे समजलात तर चूक ४२ कलांपर्यंत जाते. उलट बाजूनेही तेच: गो-टू (आकडे दिले की स्वतः वळणाऱ्या) दुर्बिणी बऱ्याचदा 'आजची' चौकट वापरतात, त्यात जे२००० चे आकडे जसेच्या तसे भरले तर आज सुमारे २२ कलांपर्यंत फरक पडतो, चंद्रबिंबाच्या दोन तृतीयांशाहून थोडा जास्त. कमी वर्धनाच्या नेत्रिकेत तारा तरीही दृश्यक्षेत्रात राहतो, पण मध्यभागी नसतो. मग लोक मध्यभागी दिसणाऱ्या भलत्याच ताऱ्याला हात जोडतात.

आकड्यांची काटकसर. काही प्रमाणपत्रांवर विषुवांश फक्त मिनिटांपर्यंत असतो. अर्ध्या मिनिटाची अनिश्चितता म्हणजे विषुववृत्ताजवळ ७.५ कला इकडे-तिकडे. अकराव्या प्रतीपर्यंत गेलं की तेवढ्या जागेत एकाहून जास्त उमेदवार निघू शकतात, आकाशगंगेच्या पट्ट्यात तर जास्तच. प्रत छापलेली असेल तर तिच्यावरून निवडा. नसेल तर कुठला तारा विकला हे कंपनीलाही सांगता येणार नाही.

रात्रपाळी

उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. दुर्बिणीचं गणित जोडतो. सर्वांत मंद किती दिसेल याचा ठोकताळा: २ + ५ × लॉग (वस्तुभिंगाचा व्यास मिमीमध्ये). ५० मिमीला १०.५, ७० मिमीला ११.२, ११४ मिमीला १२.३, १५० मिमीला १२.९. हे काळ्याकुट्ट आकाशाचे आणि सरावलेल्या डोळ्यांचे आकडे. हातात धरलेल्या १०×५० द्विनेत्रीतून यातली एक प्रत सहज वजा करा, हात थरथरतात. शहरी उजेडात आणखी घट, आणि पौर्णिमेच्या आसपास विचारूच नका. म्हणजे "साध्या द्विनेत्रीतून दिसेल" हे जाहिरातीतलं वाक्य दहाव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी कागदावरच खरं.

मध्यमंडल

'प्रीमियम' प्रकारांबद्दल कुणी बोललं नाही. जास्तीचे पैसे तिथेच जातात.

"वर्षभर दिसणारा तारा" हा प्रकार पूर्णपणे अक्षांशावर अवलंबून आहे. तारा कधीच मावळू नये यासाठी त्याची क्रांती (९० वजा तुमचा अक्षांश) यापेक्षा जास्त हवी. ५० उत्तर अक्षांशावर ४० अंशांपुढे काहीही चालतं. २० उत्तर अक्षांशावर ७० च्या पुढे लागतं, आणि त्यातही ७५ क्रांतीचा तारा खालच्या फेरीत क्षितिजापासून जेमतेम ५ अंशांवर येतो, म्हणजे धूळ आणि धुक्यात गडप. विकणारा स्वतःच्या भागातल्या अक्षांशाचा हिशेब करतो. तुमचा वेगळा असेल तर 'वर्षभर' हा शब्द तुम्हाला लागू नाही. दक्षिण गोलार्धातला तारा असेल तर आणखी बघा: २० उत्तरेवरून उणे ७० च्या खालचा तारा जन्मात उगवत नाही.

"तुमच्या राशीतला तारा" हा तर विनोदच आहे. वाढदिवसाची भेट म्हणून सूर्यराशीतला तारा द्यायचा, आणि वाढदिवसाला सूर्य नेमका तिथेच किंवा शेजारच्या तारकासमूहात! या कंपन्या सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) राशी वापरतात, त्यामुळे परांचनाने सरकून सूर्य प्रत्यक्षात मागच्या तारकासमूहात असतो आणि भेटीचा तारा सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळतो. निरयन (ताऱ्यांच्या चौकटीतली) रास धरलीत तर तारा थेट सूर्याआड. नीट दिसायला वाढदिवसापासून पाच-सहा महिने थांबा.

कुठला तारा कधी दिसेल यासाठी एक आकडा पाठ ठेवा: २१ मार्चला रात्री ९ वाजता ९ तास विषुवांश मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो. पुढे दर महिन्याला २ तास वाढवा. २१ जूनला १५, २१ सप्टेंबरला २१, २१ डिसेंबरला ३.

"जोडतारा" संचाचं तर काय सांगावं. दोन नावं, दोन ठिपके. ते खरंच एकमेकांभोवती फिरतात की नुसते एका रेषेत आल्याने जवळ दिसतात हे कुणी तपासलेलं नसतं. सिम्बादमध्ये दोघांचे पराशय आणि निजगती पडताळा. पराशय खूप वेगळे निघाले तर जोडी कागदावरचीच. (लग्नाच्या वाढदिवसाला हे तपासून सांगावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

कृत्तिकापुंज

कंपनीच्या ॲपमध्ये मात्र त्या ताऱ्यावर आपलं नाव दिसतं. ते कसं?

शून्यप्रत

ॲप त्यांचं, विदा त्यांचा. आकाशनकाशावर ते स्वतःच्या वहीतली नावं चढवतात. दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये तोच तारा उघडा, नाव गायब. असंच स्टेलॅरियममध्ये कुणालाही करता येतं: ऑल्ट+बी ने निरीक्षणयादी (जुन्या आवृत्त्यांत बुकमार्क) उघडायची, तारा साठवायचा. 'नोंदणी' झाली.

रात्रपाळी

निरभ्र यांनी वर वेधशाळेत येणाऱ्यांबद्दल लिहिलं त्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण आकाशदर्शन घडवणाऱ्या स्वयंसेवकांची इथेच तारांबळ उडते.

प्रमाणपत्राचा फोटो आधी मागवून घ्या. जागेवर, अंधारात, रांग खोळंबलेली असताना आकडे उलगडत बसू नका. वर दहा_पन्नास यांनी सांगितलेल्या तपासण्या घरीच उरका आणि वेगवेगळ्या रुंदीचे दोन-तीन शोधनकाशे छापा. तुमची दुर्बीण परावर्तक असेल तर प्रतिमा उलटी दिसते; भिंगाची असून काटकोनी आरसा लावलेला असेल तर डावी-उजवी बाजू बदलते. नकाशा त्याप्रमाणे फिरवून किंवा आरशातला करून छापा, नाहीतर ताऱ्यांचा त्रिकोण कधीच जुळणार नाही.

जवळच्या ठळक ताऱ्यापासून निघा, २५-३० पट वर्धनावर टप्प्याटप्प्याने सरका. जागा सापडली की वर्धन ८०-१०० पर्यंत वाढवा. पार्श्वभूमी काळी पडते आणि मंद तारा उठून दिसतो. पाहणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं द्या, मोबाइल खिशात. तिरप्या नजरेने पाहायला सांगा, म्हणजे ताऱ्याकडे थेट न बघता किंचित बाजूला. आणि त्या ताऱ्याच्या शेजारची आकृती शब्दांत सांगा: "तीन ताऱ्यांचा बाक, त्याच्या उजव्या टोकाखाली एकटा आहे तो". नाहीतर माणूस नम्रपणे "दिसला, दिसला" म्हणतो आणि त्याला काहीही दिसलेलं नसतं.

काय करू नये: तारा सापडत नाही म्हणून जवळचा ठळक तारा दाखवून "हाच तो" म्हणू नका. त्या रात्रीपुरतं सगळे खूश होतात, पण ते घरी जाऊन ॲपमध्ये पाहतात. तारा क्षितिजाखाली असेल किंवा चंद्रप्रकाश असेल तर अलादिनवरून १०-१५ कला रुंदीचं रंगीत छायाचित्र छापून द्या आणि पुन्हा कधी दिसेल ती तारीख मागे लिहा.

आणि नावाबद्दल? विचारलं नाही तर आपणहून काढू नका. "या कागदावर लिहिलेल्या जागी असलेला तारा हा आहे" एवढं वाक्य पूर्ण खरं आहे आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. थेट विचारलं, "हे नाव शास्त्रज्ञ वापरतात का?" तर थेट सांगा: नाही, त्यांच्याकडे याचा क्रमांक अमुक आहे. क्रमांक लिहून द्या. त्या क्रमांकाने ते आयुष्यभर तारा शोधू शकतील, कंपनी असो वा नसो.

सूचिकार

शेवटच्या परिच्छेदाला +१००. क्रमांक देणं हीच खरी सेवा.

पराशय

एवढा खटाटोप करायचाच तर तारा विकत न घेता द्या. वयाइतक्या प्रकाशवर्षांवरचा तारा निवडा. जन्माच्या वर्षी तिथून निघालेला प्रकाश यंदा डोळ्यात शिरतो. यात खोटं काही नाही, आणि तारे ठळक आहेत.

मित्र ४.४ प्रकाशवर्षं, व्याध ८.६, प्रश्वा ११.५, श्रवण १६.७. शर्मिष्ठेतला ईटा १९.४ (प्रत साडेतीनच्या आसपास). पंचविशीला दोन आहेत, अभिजित आणि फोमलहॉट, दोन्ही २५. मृगातला पाय-३ साधारण २६, शौरीतला म्यू २७. पुनर्वसूतला पोलक्स ३४, उत्तरा फाल्गुनी ३६, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे भुजंगधारीचा अल्फा (४९) आणि कॅस्टर (५१). साठीला नरतुरंगातला थीटा, ५९. पुढे रोहिणी ६५ ते ६७, मघा ७९, आणि ऐंशीला सप्तर्षीतले मधले पाचही तारे जवळपास एकाच अंतरावर. म्हाताऱ्या माणसाला पाच तारे मिळतात, हे मला फार आवडतं.

अंतर स्वतः काढायचं असेल तर सिम्बादमधला पराशय (सहस्रांश विकलांत) घ्या. १००० भागिले तो आकडा म्हणजे पार्सेक, त्याला ३.२६ ने गुणा. अभिजितचा पराशय १३०.२३, उत्तर ७.६८ पार्सेक, म्हणजे २५.०४ प्रकाशवर्षं.

एक सावधगिरी. "तुझ्या जन्माच्या दिवशी निघालेला किरण" असं लिहू नका. मोजमापातली अनिश्चितता तेवढी बारीक नाही. स्वातीच्या पराशयात ०.६ टक्के अनिश्चितता आहे, म्हणजे तीनेक महिने इकडे-तिकडे. मघेसाठी आठ-नऊ महिने. "त्या वर्षीच्या सुमाराला" म्हणा. आणि काक्षी (बीटलज्यूझ) वगैरे दूरचे तारे या खेळात घेऊ नका, त्याचं अंतर शेकड्यानेच बदलत राहतं. खूप ठळक ताऱ्यांसाठी गायाऐवजी हिप्पार्कसचे २००७ मधले सुधारित आकडे वापरा. गायाचे संवेदक एवढ्या प्रकाशाने भरून जातात.

दहा_पन्नास

हे कागदावर उतरवायचं तर: स्टेलॅरियममध्ये ठिकाण, तारीख, रात्री ९ ची वेळ लावा. तो तारकासमूह पडदाभर येईल इतकं जवळ जा. जमीन आणि वातावरण बंद करा, तारकासमूहाच्या रेषा चालू. सेटिंगमध्ये स्क्रीनशॉटचे रंग उलट करण्याचा पर्याय आहे तो निवडा (काळं आकाश छापलं की शाई पसरते आणि कागद लाटा मारतो), मग कंट्रोल+एस. १९२० × १०८० चं चित्र ३०० डीपीआयला जेमतेम १६ सेंमी रुंद छापलं जातं, ए४ ला ते ताणू नका. चित्राखाली ताऱ्याचं नाव, क्रमांक, जे२००० चे आकडे, प्रत, अंतर आणि "अमुक महिन्यात रात्री ९ ला दक्षिणेकडे इतक्या उंचीवर" ही ओळ. शेवटची ओळ विसरू नका, कंपन्यांच्या नकाशात तीच नसते. उंची काढायला सोपं: दक्षिणेकडे मध्यमंडलावर असताना उंची = ९० − अक्षांश + क्रांती.

कृत्तिकापुंज

खरंखुरं, अधिकृत नाव सामान्य माणसाला देता येण्याची काहीच वाट नाही का?

सूचिकार

आहे, पण विकत नाही आणि वेळेवर भेट म्हणूनही नाही.

आयएयूच्या 'नेमएक्सोवर्ल्ड्स' स्पर्धा २०१५, २०१९ आणि २०२२ मध्ये झाल्या. २०१९ मध्ये शंभराहून अधिक देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह दिला होता. भारताच्या वाट्याला षडंश तारकासमूहातला एचडी ८६०८१ आला. त्याचं नाव आता बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव संतमस. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा, पण नाव जगभर ग्राह्य. जुन्या नक्षत्रांतली भरणी (४१ एरिएटिस) आणि रेवती (झीटा पिशियम) ही नावंही अधिकृत यादीत आहेत.

लघुग्रहांचं वेगळं. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळाला की शोधकाला दहा वर्षांच्या आत नाव सुचवता येतं. १६ अक्षरांची मर्यादा (रोमन लिपीतली), व्यापारी नाव चालत नाही, पाळीव प्राण्याचं नाव नको म्हणतात, राजकीय वा लष्करी व्यक्ती असेल तर मृत्यूनंतर १०० वर्षं थांबायचं. विद्यार्थी गटांना पॅन-स्टार्स या सर्वेक्षण दुर्बिणीची छायाचित्रं देऊन लघुग्रह शोधायला लावणारा आयएएससी उपक्रम आहे, ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर वापरतात, शुल्क नाही. पण सापडल्यापासून क्रमांक मिळेपर्यंत अनेक वर्षं जातात. आणि बहुतेक ठिपके आधीच कुणीतरी शोधलेले किंवा छायाचित्रातला दोष निघतात.

कृत्तिकापुंज

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. समोर एक प्रमाणपत्र आहे: तारकासमूह मृग, विषुवांश ५ तास ३० मिनिटं, क्रांती उणे १२. स्टेलॅरियम मात्र शशक दाखवतंय. स्टेलॅरियम चुकतंय का?

दहा_पन्नास

नाही. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत सीमांनुसार मृगाची दक्षिण हद्द उणे ११ च्या आसपास संपते, उणे १२ ला शशकच येणार. कागदावर "क्रांती - १२°" असं छापलंय का? मधली रेघ ऋणचिन्ह आहे की शब्द आणि आकडा वेगळे करणारी? अधिक १२ टाकून बघा.

कृत्तिकापुंज

"विषुवांश" पुढेही तशीच रेघ आहे. अधिक १२ ला मृग आलं.